धूर कोणत्या अंगाला जातोय?

शिडाच्या जहाजांच्या लढाईचं जुनं छापचित्र समोर आलं की नजर आधी मधल्या मोठ्या जहाजाकडे जाते, मग मोडून पडलेल्या डोलकाठ्यांकडे आणि मग पाण्यात हातपाय मारणाऱ्या माणसांकडे. चित्रकाराने योजना तशीच केलेली असते, त्यामुळे बघणाऱ्याचं काही चुकत नाही. पण ते चित्र विकत घ्यायचं असेल, त्याची नोंद करायची असेल किंवा त्यावर कितपत विश्वास ठेवायचा हे ठरवायचं असेल, तर पहिला प्रश्न एकच: वारा कुठून आहे?

चित्रात वाऱ्याचे साक्षीदार चार असतात. बावटे, डोलकाठीच्या टोकावरची लांब निमुळती पताका, शिडं आणि धूर. चौघांची साक्ष जुळली पाहिजे. बावटे डावीकडे फडफडताहेत, शिडं उजवीकडे फुगली आहेत आणि धूर सरळ वर चाललाय, असं चित्र खूप सापडतं. ते बंदरावर कधी न गेलेल्या माणसाने शहरातल्या खोलीत बसून काढलेलं असतं. थोडी सूट द्यावी लागते ती धुराला. तोफेच्या तोंडातून तो आधी जोराने आडवा बाहेर पडतो, दोन-चार वाव जातो आणि मग वारा त्याला ताब्यात घेतो. त्यामुळे वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, असलेल्या जहाजाचा धूर शत्रूच्या अंगावर जातो, आणि खालच्या अंगाला असलेल्या जहाजाने वर तोंड करून बार काढला की त्याचा धूर परत त्याच्याच डेकवर येतो. हा फरक ज्या चित्रात दिसतो, त्याच्या कर्त्याने एकतर लढाई पाहिली होती किंवा पाहिलेल्या माणसाला नीट विचारलं होतं.

धुराला एवढं महत्त्व का, हे दारूच्या हिशेबावरून कळतं. त्या काळच्या काळ्या दारूत सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असायचं. ती जळली की निम्म्याहून थोडं जास्त वजन वायू होतच नाही, बारीक घन कण होऊन बाहेर पडतं. धूर म्हणजे तेच. ३२ पौंडी गोळा फेकणाऱ्या तोफेला पूर्ण भरणीत गोळ्याच्या वजनाच्या साधारण एक-तृतीयांश दारू लागायची, म्हणजे पाच किलोच्या आसपास. एका बाराला अडीच किलोहून जास्त भुकटी हवेत जायची. शंभर तोफांच्या जहाजाची एक बाजू म्हणजे लहानमोठ्या पन्नास तोफा. अशी दहा-पंधरा जहाजं मंद वाऱ्यात समोरासमोर आली की दोन-तीन सरबत्तींनंतर कोणालाच काही दिसत नसे. गोलंदाज समोरच्या तोफांच्या लखलखाटावर नेम धरायचे.

म्हणजे ज्यात लढाई स्पष्ट दिसते असं प्रत्येक छापचित्र थोडंफार खोटं असतंच, त्याला इलाज नाही. कोऱ्या ढगाचं चित्र कोण विकत घेणार? जाणता चित्रकार धुराचा पडदा बाजूला करतो, पण जिथे तो खरोखर फाटला असता तिथेच करतो: वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पुढे सरकून गेलेल्या जहाजाच्या मागच्या मोकळ्या पाण्यात, किंवा बराच वेळ बार न काढलेल्या, पांगळ्या झालेल्या जहाजाभोवती. अजाण चित्रकार ढगांसारखे गुबगुबीत गोळे कोपऱ्यात लावतो आणि मधली जागा साफ ठेवतो. या विषयातल्या चांगल्या-वाईटाचा माझ्यापुरता निवाडा तिथेच होतो. डोलकाठ्या आणि दोरखंड तर नमुन्याच्या जहाजावरूनही काढता येतात.

आता हाच धूर तांब्याच्या पत्र्यावर कसा आणायचा, ते पाहू. छापचित्राच्या बहुतेक युक्त्या आणि बहुतेक अपयशं या एका अडचणीतून निघाली आहेत. ताम्रपटावरून छापताना शाई राहते ती खोलगट रेघांत, आणि पांढरं म्हणजे काहीही न कोरलेला, घोटून गुळगुळीत केलेला पत्रा. म्हणजे चित्रातली सर्वांत हलती, सर्वांत अस्थिर गोष्ट तिला हात न लावताच दाखवायची. रेषाकोरणीत कारागीर धुराच्या भोवतालचं आकाश समांतर रेघांनी भरतो आणि धुराच्या कडेला रेघ बारीक करत करत संपवतो. कोरणी हातात फिरवून, जोर कमी-जास्त करून एकच रेघ जाड-बारीक करता येते. इंग्लंडमध्ये १७९० च्या सुमारास विल्सन लाउरीने रेघा आखायचं यंत्र बनवलं. त्यानंतरच्या चित्रांत आकाश इतकं एकसारखं होतं की हाताने कोरलेल्या धुराशी त्याचं जमत नाही. अशा चित्रात धूर वर चिकटवल्यासारखा दिसतो. यंत्राने आखलेलं आकाश ओळखायची ही सोपी खूण.

बहुतेक पत्र्यांवर नुसती कोरणी नव्हे, आम्लाचं कामही असायचं. पत्रा साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीचा. कडा तिरप्या घासाव्या लागतात, नाहीतर छापताना त्या कागद आणि वरची लोकर कापतात. पत्रा खडूच्या भुकटीने पुसून तेलकटपणा काढायचा, गरम करून त्यावर मेण, डांबर आणि राळेचा पातळ थर द्यायचा आणि मेणबत्तीच्या काजळीने तो काळा करायचा, म्हणजे सुईने ओढलेली रेघ तांबूस चमकून दिसते. मग नायट्रिक आम्लात बुडवायचा. रेघांवर वायूचे बुडबुडे धरतात. ते पिसाने सतत झटकले नाहीत तर त्या जागी आम्ल पोचत नाही आणि दोरखंड मध्येच तुटलेले छापले जातात. दूरची जहाजं फिकी हवीत, म्हणून थोड्या वेळाने पत्रा बाहेर काढून, धुऊन, दूरच्या जहाजांवर वार्निश लावून ती बंद करायची आणि पुन्हा बुडवायचं. मग मधली जहाजं बंद, पुन्हा बुडवणं. शेवटच्या बुडवणीत फक्त पुढच्या जहाजाची बाजू आणि लाटांच्या सावल्या उघड्या राहतात. चित्रातली खोली अशी आम्लाच्या वेळेतून येते.

सर्वांत जास्त पत्रे बिघडतात ते डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोरांच्या शिड्यांवर. तिथे उभे-आडवे दोर इतके दाट येतात की आम्ल रेघेच्या कडांना आतून खात जातं, दोन रेघांमधली भिंत पडते आणि जाळीच्या जागी काळा डाग उरतो. म्हणून जाणता कारागीर तिथे उभे दोर आम्लाने करायचा आणि आडवे मागून कोरणीने. पत्र्यावर कुठे बोटाचं तेल राहिलं असेल तर थर सुटतो आणि आकाशात बारीक काळे ठिपके येतात. ते घोटून काढावे लागतात. कंटाळा आला की त्या ठिपक्याला दोन पंख जोडायचे. जुन्या चित्रांतल्या काही समुद्रपक्ष्यांचा जन्म असाच झाला असावा, असा मला संशय आहे.

अक्वाटिंटने धुराचा प्रश्न बराच सोडवला. फ्रान्समध्ये ही पद्धत १७६० च्या दशकात रुजली आणि इंग्लंडमध्ये पॉल सँडबीने ती १७७० च्या दशकात चालवली. पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची किंवा मद्यार्कात विरघळवलेली राळ ओतून सुकू द्यायची. कणांच्या मधल्या फटींतून आम्ल खातं आणि जलरंगाच्या पातळ हातासारखी एकसलग छटा मिळते. इथे क्रम उलटा लक्षात ठेवावा लागतो. जे कोरं पांढरं राहणार ते पहिल्या बुडवणीच्या आधीच वार्निशने बंद होतं. म्हणजे धुराचा सर्वांत उजळ भाग सर्वांत आधी ठरतो, आणि मग बाकीचं चित्र त्याच्याभोवती गडद होत जातं. पहिली बुडवण काही सेकंदांची, शेवटची काही मिनिटांची. वार्निशची कड मात्र कात्रीने कापल्यासारखी येते आणि धुराला कड नसते. ती नंतर घोटणीने घासून मऊ करावी लागते. घाईच्या कामात ही मेहनत वगळलेली दिसते, आणि धुराचे लोट कागदी फुलांसारखे वाटतात. रात्रीच्या स्फोटासाठी तिसरी पद्धत सोयीची, मेझोटिंट. त्यात पत्रा आधी दातेरी हत्याराने पूर्ण खरबरीत करून काळाकुट्ट छापेल असा करतात आणि मग खरवडून उजेड बाहेर काढतात. नाईलच्या लढाईत, १ ऑगस्ट १७९८ च्या रात्री, फ्रेंचांचं ‘लोरियां’ हे जहाज दहाच्या सुमारास उडालं. असा प्रसंग काळोखातून उजेड काढणाऱ्या पद्धतीला जास्त मानवतो. १७२० च्या दशकात एलिशा कर्कालने डच चित्रकार फान द फेल्डच्या सागरी चित्रांवरून मेझोटिंट केले, तेही हिरव्या शाईत.

छपाईत पत्रा किंचित गरम करून त्यावर उकळलेलं जवसाचं तेल आणि काळा रंग यांची घट्ट शाई थापतात, खळ घातलेल्या विरळ कापडाने पुसतात आणि शेवटी तळहाताने. कागद आदल्या दिवशी भिजवून गठ्ठ्यात दाबून ठेवलेला असतो. रुळाखालून जाताना ओला कागद ताणला जातो, सुकताना आकसतो. म्हणून एकाच पत्र्यावरच्या दोन प्रतींच्या मापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तर बिचकायचं कारण नाही. पत्र्याच्या कडेचा दाब चारी बाजूंनी उमटलेला दिसला पाहिजे, आणि समास कापलेले असतील तर तो दिसणार नाही.

तांबं मऊ. कोरणीचा पत्रा हजारभर प्रती सोसतो, अक्वाटिंटचा काही शेच, मेझोटिंटचा त्याहूनही कमी. आणि झीज कुठे होते? सर्वांत उथळ छटा आधी जाते, म्हणजे आकाश. उशिराच्या प्रतीत आकाश टकलं पडतं, जहाजं तशीच काळी राहतात, आणि धूर आकाशात विरून नाहीसा होतो, कारण तो दिसत होता तो भोवतीच्या छटेमुळेच. मग दुकानदार जाड हाताने निळा रंग भरून घेतो. रंगीत प्रत पाहताना रंगाच्या खाली छटेचे कण भिंगातून शोधावेत. आकाशात नुसता रंग आणि खाली काहीच नसेल, तर पत्रा थकलेला होता. दहापट भिंगाखाली कणांच्या जागी ओळीने ठिपक्यांची गुलाबाकृती दिसली, तर ती आधुनिक ऑफसेट छपाई, चौकट कितीही जुनी असो.

त्या काळी रंगीत अक्वाटिंटमध्ये पत्र्यालाच दोन रंगांची शाई लावायची रीत होती, वर निळसर आणि खाली तपकिरी. बाकी सगळं प्रकाशकाच्या कारखान्यात ब्रशने, नमुन्याची एक प्रत समोर ठेवून. थॉमस व्हिटकोंबच्या चित्रांवरून जेम्स जेंकिन्स या प्रकाशकाने १८१७ मध्ये काढलेला ब्रिटिश आरमाराच्या पराक्रमांचा संच याच घडणीचा आहे. लाटांचा फेस आणि शिडांवरची चमक दाखवायला पांढरा रंग लावायचे तो शिशाचा. शहरी हवेतल्या गंधकाने तो काळा पडतो. त्यामुळे जिथे सर्वांत जास्त उजेड असायला हवा तिथे करडे-काळे डाग दिसतात आणि पाहणारा त्याला बुरशी किंवा तोफेच्या गोळ्याची भोकं समजतो. जाणकार संवर्धक हायड्रोजन पेरॉक्साइडने तो पुन्हा पांढरा करू शकतो. घरी हा उद्योग करू नये. त्याच पाण्याने शेजारचा रंग पसरतो.

धूर जाणणारे चित्रकार थोडेच. पहिला मान थोरल्या विलेम फान द फेल्डचा. तो डच आरमाराबरोबर एका छोट्या जहाजातून लढाईत जायचा आणि बसल्या जागी लांबच लांब कागदांवर जहाजांच्या ओळी काढायचा. १६६६ ची चार दिवसांची लढाई त्याने अशीच टिपली. पुढे तो आणि त्याच नावाचा त्याचा मुलगा इंग्लंडला गेले आणि १६७४ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सने दोघांना प्रत्येकी वर्षाला १०० पौंड बांधून दिले: बापाला समुद्रयुद्धांची रेखाटनं करण्यासाठी, मुलाला ती रंगात उतरवण्यासाठी. कामाची ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. पुढच्या दीडेकशे वर्षांत छापचित्रांवर आलेल्या अवकळेचं मूळ तिच्या अभावात आहे. पाहणारा वेगळा, रंगवणारा वेगळा आणि कोरणारा वेगळा, आणि तिघांची गाठ नाही. निकोलस पोकॉक अपवाद. तो स्वतः जहाजाचा कप्तान होता आणि ब्रिटिश व फ्रेंच आरमारांच्या १ जून १७९४ च्या लढाईत ‘पेगॅसस’ या फ्रिगेटवर हजर होता. त्याच्या चित्रांत वारा कधी चुकत नाही.

त्याच लढाईचं गाजलेलं चित्र मात्र त्याचं नाही. ते फिलिप जेम्स द लूथरबूर्गने १७९५ मध्ये काढलं, आणि ते मुळात छापचित्र विकण्यासाठीच प्रकाशकांनी काढून घेतलं होतं. जेम्स फिटलरने त्याची कोरणी केली आणि प्रत बाहेर पडली १७९९ मध्ये. एवढ्या मोठ्या पत्र्याला चार वर्षं लागणं नवलाचं नाही. खलाशांनी त्यावर आक्षेप घेतला तो जागेचा. चित्रात ब्रिटिश सेनापती लॉर्ड हॉवचं ‘क्वीन शार्लट’ फ्रेंच ‘मोंतान्य’च्या पुढे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आडवं आलेलं दिसतं. प्रत्यक्षात पुढची वरची डोलकाठी पडल्यामुळे ‘क्वीन शार्लट’ला ती जागा मिळालीच नव्हती. चित्रकाराला दोन सेनापती समोरासमोर हवे होते. असं चित्र फेकून द्यायचं नाही, पण त्यावरून लढाईचा नकाशा काढायचा नाही. ही लढाई जमिनीपासून शेकडो मैल दूर झाली, हेही ध्यानात असावं. या लढाईच्या कुठल्या चित्रात किनारा दिसला, तर तो पदरचा.

चित्रकार बेंजामिन वेस्टचं प्रकरण आणखी उघड. ट्रफाल्गारच्या लढाईत ब्रिटिश सेनापती नेल्सन ‘व्हिक्टरी’ या आपल्या जहाजाच्या डेकवर गोळी लागून पडला, त्याला खाली नेलं आणि तो तिथल्या अंधाऱ्या खोलीत सुमारे साडेचारला वारला. वेस्टने १८०६ मध्ये त्याला डेकवरच, सगळ्या दळाच्या देखत मरताना दाखवलं आणि जेम्स हीथची कोरणी १८११ मध्ये आली. ते शोकचित्र आहे. त्याला लढाईचे प्रश्न विचारू नयेत. दुसऱ्या टोकाला जर्मन चित्रकार याकोब फिलिप हाकर्ट. १७७० मध्ये चेश्मेला रशियनांनी तुर्की आरमार जाळलं, त्या प्रसंगाची चित्रं काढायचं काम हाकर्टकडे आलं. जहाज उडताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा रशियन सेनापती काउंट ओर्लोवने १७७२ मध्ये लिव्होर्नोच्या बंदराबाहेर एक जुनं जहाज खास त्याच्यासाठी उडवून दाखवलं. एवढा खर्चिक नमुना दुसऱ्या कोणा चित्रकाराला मिळाला नसेल.

वाऱ्यानंतर तारीख. १७३५ च्या इंग्लिश कायद्याने कोरणीकाराला हक्क मिळाला, त्यासाठी पत्र्यावर प्रकाशकाचं नाव आणि दिवस कोरणं आवश्यक झालं. ती बारीक ओळ खालच्या कडेला असते आणि सर्वांत आधी कापली जाते तीच. ट्रफाल्गारची लढाई २१ ऑक्टोबर १८०५ ची, बातमी लंडनला पोचली ६ नोव्हेंबरला. नाईलची बातमी तर २ ऑक्टोबरला, दोन महिन्यांनी. बातमीनंतर दोन-तीन आठवड्यांत निघालेलं चित्र हे सेनापतीचं पत्र वाचून रचलेलं, त्यात जहाजांची नावं बरोबर आणि बाकी सगळं अंदाजपंचे. सहा महिन्यांनी निघालेल्यात अधिकाऱ्यांच्या रोजनाम्यांचा आणि आराखड्यांचा उपयोग झालेला असू शकतो. रोजनाम्यात तासातासाचा वारा लिहिलेला असतो. ट्रफाल्गारला तो वायव्य-पश्चिमेचा, अगदी मंद, आणि समुद्र मात्र पश्चिमेच्या लांब लाटांनी वरखाली होत होता. जहाजं दोन-तीन नॉटच्या वेगाने रांगत गेली. वादळ नंतरचं. ज्या चित्रात फेसाळत्या लाटा आणि ताठ फुगलेली शिडं आहेत, त्याने दोन दिवस एकात मिसळले. लढाईत उतरताना खालची मोठी शिडं गुंडाळून घेत, आगीचा धोका टाळायला आणि समोर दिसायला, हेही तपासून घ्यावं.

पत्र्यावरची तारीख कागदाची नसते. १७९४ पासून इंग्लिश कागदावर पाणछाप्यात वर्ष घालायची रीत पडली. कागद उजेडासमोर धरला आणि पत्र्यावर १७९९ पण पाणछाप्यात १८१७ दिसलं, तर प्रत उशिराची. उलटंही कधी कधी होऊ शकतं: जुना साठा वापरलेला असतो. बावट्यांवरूनही पुष्कळ कळतं. १ जानेवारी १८०१ नंतरच ब्रिटिश निशाणात आयर्लंडचा लाल तिरपा क्रॉस आला. तो १७९४ च्या लढाईच्या चित्रात दिसला, तर चित्र नंतरचं किंवा निष्काळजी. राज्यक्रांतीच्या आधी फ्रेंच जहाजं पांढरा बावटा लावायची. मद्रासच्या किनाऱ्यावर आणि त्रिंकोमालीजवळ १७८२-८३ मध्ये फ्रेंच सेनापती स्युफ्रां आणि इंग्रज सेनापती ह्यूज यांच्यात पाच लढाया झाल्या, त्यांच्या चित्रांत तो पांढरा बावटा पाहून लोक फ्रेंच शरण आले असं समजतात. शरण येताना बावटा उतरवत, पांढरा चढवत नसत. ‘व्हिक्टरी’च्या मागच्या बाजूचे उघडे सज्जे १८०३ च्या डागडुजीत बंद झाले. ट्रफाल्गारच्या चित्रात ते उघडे दिसले, तर चित्रकाराने जुना नमुना पुढे ठेवला होता.

जुन्या चित्रांत क्षितिज उंच, गरुडाच्या नजरेतून, जहाजांवर आकडे आणि खाली त्यांची यादी. नंतर क्षितिज खाली आलं, जहाजं मोठी झाली आणि रचना कळेनाशी झाली. मला जुनी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. तिने आपण नकाशा आहोत हे लपवलं नाही. आणि ती टिकाऊही ठरली. इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाडावरचे, म्हणजे आरमारावरचे, दहा गालिचे, हेन्ड्रिक फ्रोमच्या आराखड्यांवरून विणलेले, लंडनच्या लॉर्ड्सच्या सभागृहात टांगलेले होते. जॉन पाइनने १७३९ मध्ये त्यांची कोरणी छापली. १६ ऑक्टोबर १८३४ ला संसद जळाली तेव्हा गालिचे गेले. आज ते आपल्याला माहीत आहेत ते पाइनच्या कागदामुळे.

कोकणच्या वाचकाला एक चित्र स्वतः तपासता येईल. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने आणि क्लाइव्हच्या फौजेने तुळाजी आंग्रेंच्या विजयदुर्गावर, म्हणजे इंग्रजांच्या घेरियावर, हल्ला केला. पेशव्यांचं सैन्य जमिनीच्या बाजूला होतं. एक बॉम्बगोळा आंग्रेंनी पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला, आग एकमेकांना बांधलेल्या गुराबांवर आणि गलबतांवर पसरली आणि आंग्रेंचं आरमार खाडीत जळून गेलं. डॉमिनिक सेरेसने हे चित्र १७७१ मध्ये, पंधरा वर्षांनी काढलं. तो तिथे नव्हता. मूळ चित्र ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. आता फेब्रुवारीतला आपला वारा आठवा: सकाळी जमिनीवरून, दुपारपासून समुद्राकडून. इंग्रज दुपारच्या वाऱ्यानेच वाघोटनच्या मुखात शिरले. म्हणजे धूर समुद्राकडून किल्ल्याच्या आणि खाडीच्या आतल्या अंगाला गेला पाहिजे. घेरियाचं कुठलंही चित्र मिळालं, तर ही कसोटी लावावी. वर्षभर आधी सुवर्णदुर्ग घेणाऱ्या विल्यम जेम्सची आठवण म्हणून त्याच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर ‘सेव्हर्नड्रूग’ मनोरा बांधला, तो अजून उभा आहे. या लढाया चित्रात आल्या त्या जिंकणाऱ्याच्या शहरातून, कारण चित्रं विकत घेणारे तिथे होते.

मुंबईचाही एक दुवा आहे, आणि तो या सगळ्याच्या शेवटचा आहे. २० ऑक्टोबर १८२७ ला ग्रीसमधल्या नवारिनोच्या उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन जहाजांनी तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवलं. निव्वळ शिडांच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई. ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टनचं ‘एशिया’ हे ८४ तोफांचं जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधून १८२४ मध्ये पाण्यात सोडलं होतं. चित्रांत ते ओळखू येतं ते मागची डोलकाठी पडलेली असल्यामुळे. चित्रकार जॉर्ज फिलिप रेनागल ‘मॉस्किटो’ या जहाजावरून लढाई पाहत होता, आणि त्याची चित्रं १८२८ मध्ये शिळाछापावर निघाली. दगडावर मेणाच्या खडूने सरळ काढायचं. कोरणी नाही, आम्लाच्या बुडवण्या नाहीत. धूर इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने मऊ झाला. जहाजं नांगरून लढली, शिडं गुंडाळलेली. तेव्हा ज्या चित्रात ती फुगलेली दिसतील, त्याचा कर्ता तिथे नव्हता.

असा कागद आपल्या हवेत ठेवायचा, तर आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली हवी. त्यावर गेली की बुरशी आणि बदामी ठिपके. बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाळ्यात ओल येते, तिथे टांगू नये. उजेड ५० लक्सच्या आत. काच कागदाला टेकू देऊ नये, मधे आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी ठेवावी. मागचा पुठ्ठा साध्या लगद्याचा असेल, तर काही वर्षांत कडेने तपकिरी पट्टा उठतो. चिकटवायला जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, सेलोटेप मुळीच नाही. कसर लागू नये म्हणून चौकट वर्षातून एकदा उघडून पाहावी. आणि चौकट लहान पडली तर चौकट बदलावी, समास कापू नयेत. प्रकाशकाची ओळ, अर्पणपत्रिका, जहाजांचे आकडे, सगळं त्या समासात आहे.